भिंतीवरील सांवली

चित्रकलेंतलें मला फारसें कळतें असा माझा दावा नाहीं. परभणीसारख्या गांवीं इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत ज्याच्या आयुष्याचीं तीस वर्षें गेलीं, त्यानें तसा दावा करूंही नये. २०१४ सालीं प्राध्यापकांच्या एका प्रशिक्षणवर्गासाठीं मी दिल्लीस गेलों होतों. सुटीच्या दिवशीं एका स्नेह्यानें मला साकेतमधील किरण नादर कलासंग्रहालयांत जवळजवळ ओढूनच नेलें. नलिनी मलानी यांच्या १९६९ पासूनच्या कामाचें प्रदर्शन तेथें मांडलें होतें. ‘कागदाच्या पिशवींत आम्ल ठेवतां येत नाहीं’ अशा अर्थाचें त्याचें इंग्रजी नांव वाचून मला हंसूं आलें. भिंतींवरील माहितीपत्रकें वाचतांना तें हंसूं मावळलें. तसलें इंग्रजी आमच्या वेळच्या पदवीपरीक्षेंत कोणी लिहिलें असतें तर तो खात्रीनें नापास झाला असता.

१९४६ सालीं कराचींत जन्मलेल्या या बाई फाळणींत कुटुंबासह इकडे आल्या आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेंत शिकल्या. केवळ रंग आणि कॅनव्हास यांवर त्यांचें समाधान नाहीं. पारदर्शक पत्र्याच्या मागील बाजूनें त्या चित्र काढतात, त्याचीं नळकांडीं करून टांगतात, तीं संथपणें फिरत राहतात, आणि त्यांतून प्रकाश गेला कीं भिंतींवर सांवल्यांची मिरवणूक निघते; जोडीला चलच्चित्रें आणि माणसांचे आवाज. आपली सीता आणि ग्रीकांची मेडिया त्यांच्या चित्रांत शेजारणींसारख्या वावरतात. २०१२ सालीं जर्मनींतील कासेल येथील प्रदर्शनासाठीं त्यांनीं अशीच एक रचना केली. तिचें नांव फैज अहमद फैज यांच्या कवितेवरून घेतलेलें आहे, आणि तींत महाश्वेतादेवींच्या द्रौपदीबरोबर कॅसँड्राही आहे. मागून रंगविण्याच्या या पद्धतींत पहिला फटकारा पाहणाराला सर्वांत पुढें दिसतो. मागाहून कितीही रंग चढविला तरी तो झांकत नाहीं.

मी बेसावधपणें दिव्याच्या झोतांत शिरलों. समोरच्या भिंतीवर चष्मा लावलेली, किंचित् पोक आलेली एक सांवली उभी राहिली, आणि तिच्या अंगावरून त्या बायका एकामागून एक निघून गेल्या.

कॅसँड्राची कथा मला नवी नव्हती. अपोलोनें तिला भविष्य जाणण्याचें वरदान दिलें आणि ती वश झाली नाहीं म्हणून तिच्या शब्दावर कोणीही विश्वास ठेवणार नाहीं असा शाप दिला. एस्किलसच्या नाटकाच्या निमित्तानें मीं ती वर्गांत किती वेळां सांगितली असेल! त्यांतले माझे दोन विनोदही ठरलेले आहेत.

१९९१ सालीं माझ्या पाठच्या बहिणीचें लग्न गंगाखेडच्या एका घरांत ठरलें. मी तेव्हां औरंगाबादेस एम्. ए. ला होतों, म्हणून घरांत माझ्या मताला वजन होतें. साखरपुड्याच्या आदल्या दिवशीं ती स्वयंपाकघरांत मला म्हणाली, “दादा, ती माणसं मला बरी वाटत नाहीत. तू बाबांना सांग.” मुलींना आधीं असेंच वाटतें, असें कांहींसें मीं उत्तर दिलें. लग्नाच्या पंगतींत मीं आणखी पांडित्य केलें: जनाबाईच्या गांवीं चालली आहे, दळायला विठ्ठल येईल! पाहुणे हंसले. चार वर्षांनीं ती एक ट्रंक आणि कडेवर मूल घेऊन परत आली. कारणें येथें सांगत नाहीं. विठ्ठल आला नव्हता आणि मीही गेलों नव्हतों.

दिल्लीहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशीं मी तिच्याकडे गेलों. ती शिवणयंत्राच्या सुईंत दोरा ओंवीत होती. त्या संध्याकाळीं मीं तिची बराच वेळ समजूत घातली होती, अशी माझी पक्की आठवण होती. म्हणून तेथूनच मीं विषय काढला.

“समजूत कुठं घातलीस?” ती वर न पाहतां म्हणाली, “बाहेर चहा निवतोय म्हणून उठून गेलास.”