उजव्या हाताची नखं

सिल्वासाच्या कारखाना-वसाहतींत ऐंशी-नव्वदच्या दशकात वाढलेल्या कुठल्याही बाईला विचारा, तुमच्या उजव्या हाताची नखं कोण रंगवायचं? नाव लगेच येईल. डाव्या हाताची नखं ज्याची तो रंगवतो. उजव्याची पाळी आली की डाव्या हातातला ब्रश थरथरतो, आणि रंग नखावर कमी, कातडीवर जास्त जातो. म्हणून प्रत्येकीचं एक माणूस ठरलेलं असायचं. कुणाची थोरली बहीण, कुणाची आत्या, कुणाची समोरच्या खोलीतली गुजराती मैत्रीण. दोघींचं भांडण झालं की पहिला फटका उजव्या हाताला बसायचा. नवरात्रात कुणी एकाच हाताची नखं रंगवून दांडियाला आली की सगळ्या वसाहतीला कळायचं, यांचं काहीतरी बिनसलंय.

आमच्यातल्या बहुतेकजणी मूळच्या इथल्या नव्हेत. दादरा-नगर हवेलीत उद्योगांना करसवलती मिळाल्या, तशी आमली, पिपरिया, मसाट, खडोली भागात यार्नची आणि प्लॅस्टिकची युनिटं उभी राहिली. जळगाव, धुळे, नाशिककडची कुटुंबं वापीला गाडीतून उतरून सिल्वासाला आली ती त्यांच्या मागोमाग. २०११च्या जनगणनेत या गावाची वस्ती ९८ हजारांच्या पुढे गेली, पण आमच्या लहानपणी किलवणी नाक्यावर चारदोन दुकानं आणि बाकी ताडाची झाडं, असाच नजारा होता. वडील पाळीवर, आई घरात, आणि मुली ओट्यावर. घरात मराठी, दुकानात गुजराती, शाळेत हिंदी. वळणाचे कपडे आणि केसांच्या दोन वेण्या हे ठरलेलं होतं. कपाळावर टिकली केवढी लावायची तेही आईच ठरवायची. स्वतःच्या मनाने काही करून बघायला मुलीच्या अंगावर दहा नखांखेरीज जागा नव्हती.

बाटली हातात यायच्या आधी नखं झाडावर मिळायची. मे महिन्यात गुलमोहर फुलला की त्याच्या टपोऱ्या कळ्या तोडायच्या. पाकळ्यांना खालून धरून ठेवणारी जाड दलं असतात, बाहेरून हिरवी, आतून लालभडक, टोकाला निमुळती. ती बुडाशी हलकेच सोलली की आतली बाजू ओलसर, किंचित चिकट लागते. तीच नखावर दाबून धरायची. एका फुलाला दलं पाचच, म्हणजे एका हाताची सोय एका कळीत. दोन कळ्यांत दोन्ही हात पुरे. मग ती लांब लाल नखं पुढे करून चेटकीण व्हायचं आणि धाकट्यांना वसाहतभर पळवायचं. ऊन लागलं की दलं कडेने वळायची आणि एकेक गळून पडायची. गळलेल्या जागी दुसरी लावायला झाडाखाली सडा पडलेलाच असे. उरलेल्या केसरांचे कोंबडे करून झुंजवायचं काम मुलांकडे.

श्रावणात मेंदी. नागपंचमीच्या आदल्या रात्री बोटांच्या टोकांना मेंदीच्या टोप्या चढायच्या, कारण नक्षी काढणं कुणाला येत नव्हतं आणि कोन तर अजून यायचे होते. तळहाताचा रंग आठ-दहा दिवसांत उतरायचा, नखांचा उतरायचा नाही. मेंदीतलं लॉसोन नावाचं द्रव्य नखातल्या केराटिनला धरून बसतं. त्वचा झडते तसं नख झडत नाही, ते नुसतं पुढे सरकतं, महिन्याला साधारण तीन मिलिमीटर. त्यामुळे गौरी येईपर्यंत नखाच्या मुळाशी पांढरी चंद्रकोर दिसायची, दसऱ्याला निम्मं नख कोरं, आणि दिवाळीच्या फराळाला नुसत्या टोकावर केशरी कड. सण किती दूर राहिला ते नखावर मोजता यायचं. तेरड्याच्या रंगाला आपण तीन दिवसांची म्हण लावून ठेवली आहे, पण त्यातही हेच लॉसोन असतं, आणि कोरियात मुली त्याचीच फुलं ठेचून पिढ्यान्‌पिढ्या नखांवर बांधत आल्या आहेत. आमच्याकडे तेरडा गौरीपुरता. नखांकडे त्याला कुणी वळवला नाही, ही एक चुकलेली संधीच म्हणायची.

मग बाटली. घरटी एक, बहुधा मरून किंवा तो गुलाबी, ज्याला सगळे ‘बेबी पिंक’ म्हणत. आई त्याला क्यूटेक्सच म्हणायची, बाटली कुठल्याही कंपनीची असो. बरी बाटली हवी तर लॅक्मेची. टाटा ऑइल मिल्सने १९५२ साली काढलेली ही कंपनी आमच्या आयांच्या लग्नापर्यंत चांगली रुळली होती. ती बाटली कपाटात, साड्यांच्या मागे. आमच्या वाट्याला यायची वापीच्या बाजारातली, नाव नसलेली, झाकणाला सोनेरी मुलामा दिलेली. आठवड्यात घट्ट व्हायची. आतला रंग धरून ठेवणारं नायट्रोसेल्युलोज ज्यात विरघळवलेलं असतं ते द्रावक झाकण उघडं राहिलं की उडून जातं, हे शास्त्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, पण उपाय सगळ्यांना ठाऊक होते. फ्रीज असलेल्या घरी ती अंड्यांच्या शेजारी दारात उभी राहायची. नसलेल्या घरी कोमट पाण्याच्या वाटीत बुडवून तळहातांमध्ये लाटायची. रिमूव्हर ही चैन होती. जुना रंग काढायचा तर त्याच्यावर त्याच बाटलीचा नवा हात ओला लावायचा आणि वाळायच्या आत कापसाने पुसून टाकायचा. नव्यातल्या द्रावकात जुना रंग विरघळून निघून येतो. ही युक्ती आजही चालते, करून बघा.

आयांचे आक्षेप ठरलेले. रंगलेल्या हाताने जेवलं की रंग पोटात जातो. तिन्हीसांजेला नखांशी खेळू नये. देवघराच्या दिव्याजवळ बाटली उघडायची नाही. पहिल्या दोन्हींबद्दल काय ते असो, तिसरा आक्षेप शंभर टक्के खरा होता, ते द्रावक भुरकन पेट घेतं. पण याच आया किल्ल्यांच्या जुडग्यात दाराच्या किल्लीवर लाल ठिपका द्यायच्या, हळदीकुंकवाला दिलेल्या वाट्या परत ओळखू याव्यात म्हणून बुडाला खूण करायच्या, आणि खोट्या कानातल्यांनी कान चिडतो म्हणून त्यांच्या तारेवर पारदर्शक रंगाचा हात मारायच्या. बाटली घरात यायला त्यांचाही विरोध तसा मनापासून नव्हता.

खरी कला सुरू व्हायची ती दुपारी, वडील पहिल्या पाळीला गेलेले आणि आई आडवी झालेली असताना. हत्यारं सगळी घरातली. खराट्याची काडी, संपलेल्या रिफिलचं टोक, गोल डोक्याची टाचणी. टाचणीच्या डोक्याने पाच ठिपके गोलात दिले आणि मधोमध एक की फूल. दोन ठिपके ओले असतानाच टोकाने खाली ओढले की बदाम. टिकल्यांच्या पाकिटात सगळ्यात बारीक, कुणी कधी कपाळाला न लावलेल्या टिकल्या उरायच्या, त्या नखाच्या मध्यावर बसायच्या आणि वरून पारदर्शक रंग. सरळ रेघेचं मात्र कठीण. चिकटपट्टी लावली तर काढताना खालचा रंगही उखडून यायचा. इथे सिल्वासाचा उपयोग झाला. कारखान्यातून कोनावर उरलेलं पॉलिएस्टरचं सूत घरोघर यायचं, उशा शिवायला, पिशव्या बांधायला. त्यातला एक पदर नखावर ताणून बोटाखाली गाठ मारायची, वरून दुसरा रंग द्यायचा आणि ओला असतानाच पदर उचलायचा. खाली केसासारखी बारीक, धारदार रेघ. पदर उचलताना श्वास रोखून धरायचा आणि उचलणारा हात दुसरीचा असायला हवा, कारण जिच्या नखावर काम चाललंय तिची बोटं जागची हलता कामा नयेत. जळगाववाल्या काकूंची सून हे काम असं करायची की आम्ही रांग लावून बसायचो. ती बोट धरायची ते पहिल्या पेराला, आपल्या मांडीवर टेकवून. पावसात तिची फार पंचाईत व्हायची. सिल्वासाचा पाऊस धरला की सोडत नाही, आणि त्या दमट हवेत रंग धड वाळत नाही, त्यावर धुरकट पांढुरका थर येतो.

वर्तमानपत्राचा छाप ही नंतरची गोष्ट. फिकट रंगाचं नख स्पिरिटमध्ये बुडवून छापील कागदावर दाबलं की शाई नखावर उतरते. गुजरातेत दारूबंदी आणि हवेलीत नाही, त्यामुळे स्पिरिटला पर्याय कुठल्या घरात कुठे ठेवलेला असतो हे सांगायला नको. मुंबईहून आलेल्या मराठी पेपराची अक्षरं नखांवर उलटी उमटायची, वेलांट्या उजवीकडच्या डावीकडे. वाचता आलं नाही तरी नखावर बातमी असल्याचा रुबाब होता.

पांढरा रंग बाजारात मिळायचा नाही. तो यायचा हपिसातल्या व्हाइटनरच्या बाटलीतून. मरून नखावर व्हाइटनरने रेघा काढत बसलो असताना दपाड्याकडून घरकामाला येणाऱ्या वारली मावशी एकदा जवळ येऊन टेकल्या. आमची खराट्याची काडी रंग धरत नव्हती, ठिपक्याऐवजी ओघळ येत होता. त्यांनी अंगणातून बांबूची बारीक काडी आणली, टोक दाढेखाली धरून चावलं, तंतू मोकळे केले आणि बोटांनी पिळून त्याला अणी आणली. आणि माझ्या अंगठ्यावर दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढले, वर एक ठिपका, खाली दोन काड्या. माणूस झाला. लग्नाच्या घरी सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, मधोमध पालघट देवी बसते, तेव्हा हाती असते ती हीच चावलेली काडी. जिव्या सोमा मशे यांच्यामुळे ही चित्रं पुढे कागदावर आणि जगभर गेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण भिंतीवर ती लिहिणाऱ्या मुळात बायकाच. मातीच्या भिंतीवर पांढरं आणि मरून नखावर पांढरं, दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं तर वेगळं काढता येत नाही. वारल्यांचा फेर धरून होणारा तारप्याचा नाच नखावर मावत नाही, कितीही प्रयत्न करा. एका नखावर एक माणूस, दहा बोटं जुळवून धरली की फेर.

शाळेत रंगाला बंदी. प्रार्थनेच्या रांगेत हात पुढे, आणि रंग दिसला की बोटांवर पट्टी. सूट एकाच दिवशी, २ ऑगस्टला. १९५४ साली त्या दिवशी सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून सुटलं. गीतरामायणाचे सुधीर फडके, राजा वाकणकर, नाना काजरेकर असे लोक त्या लढ्यात होते, आणि त्यासाठी पैसे उभे करायला लता मंगेशकरांनी पुण्यात गायनाचा कार्यक्रम केला होता, हे भाषणात दर वर्षी यायचं. आम्ही भाषण ऐकताना बोटं सरळ धरून बसायचो. नखांवर तिरंगा असायचा आणि हिरवा रंग पोस्टर कलरचा, घाम लागला की सुटणारा.

नखावरचा सरकारी रंग मात्र सुटत नाही. मतदानाची शाई म्हैसूरच्या कारखान्यातून येते, १९६२पासून, आणि तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट नखात मुरून बसतं. २०२१ची इथली लोकसभेची पोटनिवडणूक ३० ऑक्टोबरला झाली, दिवाळी तोंडावर. कलाबेन डेलकर निवडून आल्या आणि शिवसेनेला महाराष्ट्राबाहेरची पहिली लोकसभेची जागा मिळाली. घरोघरी त्या दिवाळीत नऊ नखं सजलेली आणि डाव्या तर्जनीवर काळी रेघ. माझ्या भाचीने त्या रेघेलाच देठ मानून वर पणती काढली.

ही भाची आता जेलची नखं करून घेते. दिव्याखाली हात धरला की मिनिटा-दोन मिनिटांत रंग कडक, दोन-तीन आठवडे ढिम्म हलत नाही. वरून बसवायची अ‍ॅक्रिलिकची नखं फ्रेड स्लॅक नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने काढली तीही सिल्वासा सुटलं त्या १९५४ सालीच, स्वतःचं मोडलेलं नख दातांच्या मसाल्याने जोडताना. पार्लरचं काम सुबक असतं, आमच्या ओट्यावरच्या कामाच्या कितीतरी पुढे, आणि पैसे घेऊन ते करणाऱ्या मुलींमध्ये इथल्या वारली-कोकणा घरांतल्याही आहेत, ही मला फार बरी वाटणारी गोष्ट आहे. मात्र पार्लरमधली मुलगी दोन्ही हात सारख्याच सफाईने रंगवते. कुणाशी भांडण झालं तरी उजवा हात कोरा राहत नाही. यात आमच्या पिढीचं काहीतरी हरवलंय असं मला वाटतं. भाचीला तसं वाटत नाही, आणि तिच्या म्हणण्यातही तथ्य आहे.

एक अडचण आहे. आमच्या या कामाचा पुरावा कुठेच नाही. रीळ ३६ फोटोंचं, आणि त्यातला एकही नखांवर खर्च करायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा आमली, पिपरिया, मसाटच्या वसाहतींत राहून गेलेल्या सगळ्याजणींना विनंती आहे. लग्नाचे, बारशाचे, डोहाळजेवणाचे जुने अल्बम काढा आणि चेहरे सोडून हात बघा. कुणी ताट धरलं असेल, कुणी कडेवर पोर घेतलं असेल. नखावर एखादा ठिपका, एखादी सुताची रेघ सापडली तर त्या फोटोचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि मूळ फोटोच्या मागे नाव लिहा. फोटोतल्या बाईचं तर लिहाच, पण जिने ती नखं रंगवली तिचंही.