आराखड्यात न धरलेला वेळ

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला शेतात घट मांडतात. गहू, ज्वारी, तूर, मूग, कपाशी अशी अठरा प्रकारची धान्यं गोलात ठेवतात. मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर पाण्यानं भरलेली घागर, घागरीवर पापड, वडा, करंजी. रात्री तिथे कोणी फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी वाघ घराण्यातली मंडळी घटात काय हललं, कोणतं ढेकूळ किती भिजलं ते पाहून वर्षाचं भाकीत सांगतात. चंद्रभान महाराजांनी सुरू केलेली ही प्रथा साडेतीनशे वर्षांची आहे असं सांगतात. लहानपणी मी वडिलांबरोबर एकदोनदा गेलो होतो. परतताना ते सगळी वाट गप्प असायचे आणि घरी आल्यावर आईला म्हणायचे, यंदा ज्वारी थोडी वाढवू.

भाकीत खरं की खोटं या वादात मला शिरायचं नाही. माझ्या मनात राहिलं ते एवढंच की वडिलांचा प्रश्न एका वर्षाचा होता, कारण त्याहून लांबचं पाहायची त्यांची ऐपत नव्हती. पुढे सरकारी नोकरीत आल्यावर दिसलं की शासनही एकाच वर्षाचं पाहतं. शेतकऱ्याचं वर्ष अक्षय्य तृतीयेला सुरू होतं, शासनाचं ३१ मार्चला संपतं. जिल्हा नियोजन समितीचा निधी त्या तारखेच्या आत खर्ची पडला पाहिजे, म्हणून फेब्रुवारीत जे काम लवकर होईल तेच आधी निघतं. काँक्रीटचा रस्ता लवकर होतो, म्हणून शाळेच्या पटसंख्येसारखं हळू होणारं काम मागे पडतं.

मी बत्तीस वर्षं नगररचना विभागात काढली. आमचं काम वीस वर्षांचं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली शहराची विकास योजना करायची म्हणजे वीस वर्षांनी इथे किती माणसं राहतील याचा अंदाज बांधायचा, त्यांना शाळा, मैदान, भाजीबाजार, दवाखाना, स्मशानभूमी किती लागेल ते काढायचं आणि तेवढी जमीन नकाशावर राखून ठेवायची. आता जिल्ह्यालाही लांबचं पाहायला सांगितलं आहे. राज्यानं प्रत्येक जिल्ह्याकडून २०४७ डोळ्यांसमोर ठेवून विकास आराखडा मागवला. जिल्ह्यांच्या यंत्रणा त्यासाठी सक्षम व्हाव्यात म्हणून 'महास्ट्राईड' कार्यक्रम आला आणि जागतिक बँकेनं डिसेंबर २०२४मध्ये त्याला १८.८ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. जिल्ह्याचं उत्पन्न, दरडोई आकडा, गुंतवणूक अशी त्याची भाषा आहे. मी या प्रयत्नाचं मनापासून स्वागत करतो. माझी मागणी एकच आहे: आराखड्यात वेळेचा रकाना घाला.

महबूब उल हक यांनी १९९०मध्ये मानव विकास निर्देशांक मांडला, तेव्हा उत्पन्नाच्या शेजारी आयुर्मान आणि शिक्षण आणून बसवलं. ती मोठी पायरी होती. पण माणसाचं आयुर्मान सत्तर वर्षं असेल, तर त्या सत्तरातली किती वर्षं पाण्यासाठी, गाडीसाठी, मोबदल्यासाठी, नंबर लागण्यासाठी थांबण्यात गेली? इतक्या वर्षांच्या कामानंतर मला वाटतं, राहणीमानाचं खरं माप हेच आहे. दिवसातले किती तास आणि जन्मातली किती वर्षं माणसाच्या स्वतःच्या हाती राहतात, ते मोजा.

वेळेचं माप आपण वापरतोच, पण ते फक्त महामार्गाला लावतो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ला खुला झाला, शेवटचा टप्पा ५ जून २०२५ला. सोळा तासांचा प्रवास आठ तासांवर आला हे प्रत्येक भाषणात सांगितलं गेलं आणि ते योग्यच होतं. मेहकर आणि सिंदखेडराजाच्या माणसाला त्याचा लाभ आहे. पण हा घाटावरचा हिशेब झाला.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. अजिंठ्याच्या रांगेनं आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा. घाटाखाली मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. वरचं पाणी पैनगंगा आणि खडकपूर्णेतून गोदावरीला मिळतं, खालचं पूर्णेतून तापीला. एकाच जिल्ह्याचा पाऊस दोन समुद्रांना जातो. सोयरीक जुळवतानाही पहिला प्रश्न असतो, पाहुणे घाटावरचे की घाटाखालचे. अशा जिल्ह्याची सरासरी काढली की ती वरच्यालाही लागू पडत नाही आणि खालच्यालाही नाही.

घाटाखाली पूर्णेच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा आहे. तो अमरावती, अकोला आणि आमच्या जिल्ह्यांत पसरलेला आहे. वर खोल काळी माती आणि जमिनीखाली खारं पाणी. ते पाणी पिकाला दिलं तर माती आवळून येते, माणसानं प्यायलं तर शरीर झिजतं. मूत्रपिंडाचे रुग्ण या पट्ट्यात गावोगाव आहेत. संग्रामपूर तालुक्यातल्या अशा एका रुग्णाचा आठवडा मी एकदा कागदावर मांडून पाहिला. डायलिसिस दोनदा, यंत्रावर चार-चार तास. खामगाव, अकोला किंवा बुलढाणा, जिथे नंबर लागेल तिथे जायचं. बुलढाणा म्हटलं की नांदुरा, मोताळा करत राजूरचा घाट चढायचा. सोबत घरचं एक माणूस हवंच. म्हणजे आठवड्यातले दोन दिवस दोन माणसांचे गेले आणि त्यांची मजुरीही गेली. बुलढाण्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झालं याचा मला आनंद आहे. तेही घाटावरच आहे, याची आठवण ठेवून घाटाखालच्या तालुक्यांत यंत्रं आणि माणसं वाढवली पाहिजेत.

जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना झाली. गोडं पाणी या भागात आलं ही लहान गोष्ट नाही. ज्यांनी हंड्यानं पाणी वाहिलं त्यांना त्याचं मोल विचारा. फक्त एक ध्यानात घ्या, कार्यालयात योजना पाइपाच्या किलोमीटरनं मोजतात आणि घरात ती वारानं मोजतात. नळ कितव्या दिवशी येतो? कोणत्या वेळी येतो? बाईला कामावर जायच्या आधी येतो की दुपारी? हा वार आणि ही वेळ कोणत्याही आराखड्यात मी लिहिलेली पाहिली नाही. माझ्या स्वतःच्या टिपणांतही नव्हती, हे सांगताना मला वाईट वाटतं.

जानेवारी २०२५मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस एकाएकी झडू लागले. देशभर बातम्या झाल्या, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथकं आली, पाण्याचे, रक्ताचे नमुने गेले. हे व्हायलाच हवं होतं. मात्र ज्या आजाराला वीस वर्षं लागतात त्याची बातमी होत नाही, म्हणून तो आराखड्यात यावा लागतो. दीर्घकालीन नियोजनाचं खरं काम तेच आहे.

आता जिगाव. नांदुरा तालुक्यात पूर्णेवरचं हे धरण. सुमारे एक लाख हेक्टरला पाणी मिळावं, खारपाणपट्ट्याला गोडं पाणी मिळावं म्हणून आखलेलं. नव्वदच्या दशकात मान्यता मिळाली तेव्हा खर्च ३९४ कोटी रुपये धरला होता. पुढे सुधारित मान्यतेत तो १३,८७४ कोटींवर गेला. किंमत का वाढली याची उत्तरं फायलींत आहेत: भूसंपादन, पुनर्वसन, महागाई, वर्षाला मिळणारा तुटपुंजा निधी. मला सांगायचं आहे ते बुडीत क्षेत्रातल्या गावांबद्दल. जे गाव उठणार आहे तिथे कोणी घर बांधत नाही. सोयरे मुलगी द्यायला कचरतात. ग्रामपंचायत नाली बांधत नाही, कारण उठणाऱ्या गावावर खर्च कशाला. एका गावात एका म्हातारीनं मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "भाऊ, घराले गिलावा कराव का नाई, तेवढं सांगून जा." मी नगररचनेचा माणूस, धरण माझ्या खात्याचं नव्हतं. मी काहीच सांगू शकलो नाही. तिच्या भिंतीची माती सुटत होती आणि ती वर्षानुवर्षं सुटतच राहिली. आराखड्यात वाढीव खर्चाला रकाना असतो. या वर्षांना मात्र कुठेच रकाना नाही. १९८४च्या दांडेकर समितीनं विदर्भाचा अनुशेष हेक्टरमध्ये आणि किलोमीटरमध्ये मोजला, ते आवश्यकच होतं. माणसांच्या अडकून पडलेल्या वर्षांचा अनुशेष कोणी मोजला नाही.

म्हणून वैनगंगा-नळगंगा जोडप्रकल्पाबद्दल मी आत्ताच बोलतो, उशीर व्हायच्या आधी. गोसीखुर्द धरणापासून नळगंगेपर्यंत ४२६ किलोमीटरचा कालवा, लाभाच्या सहा जिल्ह्यांत आपला शेवटचा. २०२४मध्ये राज्यानं त्याला मान्यता दिली. पाणी आलं तर घाटाखालचं चित्र पालटेल, अशी माझीही इच्छा आहे. पण ज्यांची जमीन जाणार त्यांना पहिल्याच दिवशी सांगा: तुमचं कोणत्या वर्षी जाईल, नवं घर कोणत्या वर्षी मिळेल. दिलेलं वर्ष चुकलं तर त्या उशिराचा मोबदला वेगळा द्या. जमिनीला दर लावता येतो, तसा उशिरालाही लावता येईल.

माझ्या खात्यातली चूकही इथे लिहितो. एका नगरपालिकेच्या विकास योजनेत मी वस्तीच्या मधोमध एक मैदान राखलं होतं. कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे, दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादन झाली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतरच्या मुदतीत, जी आता चोवीस महिने आहे, काही हालचाल झाली नाही तर आरक्षण व्यपगत होतं. पालिकेकडे पैसे नव्हते. नोटीस आली, मुदत गेली, प्लॉट पडले. मालकाची चूक नव्हती, त्यानं दहा वर्षं वाट पाहिली होती. पण जी मुलं त्या दहा वर्षांत सात वर्षांची सतरा वर्षांची झाली, त्यांचं खेळायचं वय पुन्हा येणार नव्हतं. मैदान उशिरा मिळून उपयोग नसतो.

या जिल्ह्यात चांगलंही घडलं आहे आणि तेही वेळेच्याच हिशेबानं समजतं. राष्ट्रीय महामार्गांना मुरूम हवा होता, तलाव गाळानं भरले होते. दोन खात्यांच्या दोन गरजा एकाच वेळी टेबलावर आल्या, तलाव-नाले खोल झाले आणि रस्त्यालाही भराव मिळाला. याला राज्यभर 'बुलढाणा पॅटर्न' म्हणतात. भारतीय जैन संघटनेनं २०१८मध्ये 'सुजलाम सुफलाम' खाली जिल्हाभर यंत्रं लावली, मोताळ्यातलं सिंदखेड त्याच वर्षी वॉटर कप स्पर्धेत राज्यात दुसरं आलं. शेगावला गजानन महाराज संस्थानात सेवेकरी पाळीनं येतात, आपले दिवस देतात, म्हणून लाखोंच्या गर्दीतही तिथली फरशी लख्ख असते. आमची माणसं वेळ द्यायला मागे हटत नाहीत. आराखड्यानं त्यांचा वेळ फुकट घालवू नये, इतकंच.

मानव विकास कार्यक्रमाच्या एसटी बसमधून शाळेत जाणाऱ्या मुलींचा उल्लेख मला केलाच पाहिजे. घरी परतायची वेळ ठरलेली असली की बाप मुलीला आठवीनंतरही शाळेत पाठवतो. माझ्या पाहण्यातला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दूरचा पल्ला असलेला प्रकल्प आहे.

आणि तरीही याच जिल्ह्यात, जिथे १५९८मध्ये सिंदखेडराजाला जिजाऊंचा जन्म झाला, २००१च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९०८ मुली होत्या आणि २०११मध्ये ८५५ उरल्या. 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' २०१५मध्ये देशातल्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत सुरू झालं, त्यात बुलढाणा होता तो यामुळेच. ती मुलं आता लग्नाच्या वयाला पोचत आहेत. ज्या मुली तेव्हा जन्मल्याच नाहीत त्या कोणत्याही निधीतून आता आणता येत नाहीत. २०४७चा काही भाग आपण २०११च्या आधीच ठरवून टाकला आहे. आज जिल्ह्यात किती मुली जन्मतात ते दर महिन्याला गावच्या फळ्यावर लिहा, कारण २०४७चा उरलेला भाग तिथे ठरतो आहे.

आम्ही नियोजनकार अजून २०११च्याच लोकसंख्येवर हिशेब करतो. नवी जनगणना २०२७मध्ये आहे. तोवर गावाची खरी माहिती गावाकडेच आहे. तुमच्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा ग्रामसभेत ठरतो आणि तालुका-जिल्ह्याचे आराखडे त्यावरच उभे राहायला हवेत. पुढच्या ग्रामसभेला जाताना घरातल्या बाईला सोबत न्या. नळ कोणत्या वारी येतो, किती वाजता येतो, मुलगी शाळेतून किती वाजता घरी पोचते, दवाखान्याच्या एका फेरीला किती तास लागतात, हे कागदावर लिहून द्या. ते ठरावाच्या वहीत नोंदलं गेल्याशिवाय उठू नका.