मोरोक्कोतलं माळवद

लग्नानंतर ही पहिल्यांदा आमच्या गावी आली, त्या दिवशी सकाळीच दुधाच्या पातेल्यात माळवदाची माती पडली. फार नाही, चिमूटभर. आमच्याकडे अशी माती आमटीत पडायची, चहात पडायची. बोटानं काढून टाकायची आणि पुढे जेवायचं. पण हिचं माहेर दादरचं. तिथं वरून भांडणं खाली येत, माती नव्हे. तिनं आधी पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेव्हापासून 'तुमचं ते मातीचं घर' हे आमच्या संसारात तिच्या हातचं हुकमाचं पान झालं, आणि ते तिनं कधी वाया घालवलं नाही.

हे सगळं आठवायचं कारण असं की, गेल्या वर्षी आम्ही दोघं एका सहल कंपनीला भरभक्कम पैसे मोजून, नेरूळहून निघून, थेट मोरोक्कोला गेलो. कशाला? तर मातीची घरं बघायला!

गावाचं नाव ऐत बेनहद्दू. 'ऐत' म्हणजे अमक्याची मंडळी. आपण 'पाटलांची आळी' म्हणतो त्यातलाच प्रकार. तटबंदीच्या गावाला तिकडे 'क्सार' म्हणतात. आमच्या गटानं पहिल्या दिवसापासून त्याचं 'कासार' करून टाकलं होतं, त्यामुळे दोघी-तिघी बायका तिथं बांगड्या मिळतील अशा समजुतीत होत्या. माराकेशहून निघालं की ॲटलास पर्वतातला सव्वादोन हजार मीटरांहून उंच घाट लागतो. आवळासुपारीच्या डब्या फिरल्या, खिडकीच्या जागांवरून रुसवेफुगवे झाले आणि घाट उतरल्यावर सगळं जग तांबूस, कोरडं, ओसाड झालं. मग नदीपलीकडच्या टेकडीला बिलगलेलं ते गाव दिसलं. एकावर एक चढलेली मातीची घरं, बुरूज, वेस आणि अगदी माथ्यावर गावाचं सामायिक धान्याचं कोठार.

बसमध्ये एकदम "अय्या!" झालं. त्यात सर्वात मोठा 'अय्या' आमच्या घरातला होता.

"अहो, बघा तरी! किती सुंदर! सगळं मातीचं!"

मी गप्प. चाळीस वर्षांच्या अनुभवानं कधी गप्प राहावं एवढं कळतं.

मार्गदर्शक माहिती देत होता. सहारातून माराकेशकडे जाणाऱ्या उंटांच्या तांड्यांच्या वाटेवरचं हे गाव. आज उभी असलेली घरं सतराव्या शतकाच्या मागे जात नाहीत. १९८७ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. १९६२ च्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'चं आणि २००० च्या 'ग्लॅडिएटर'चं चित्रीकरण इथं झालं. हे ऐकताच माहितीत कोणाला रस उरला नाही. सगळे 'ग्लॅडिएटर'च्या जागी उभे राहून फोटो काढायला धावले. मी मात्र भिंतीपाशी नाक नेऊन उभा होतो. मातीत भुसा मळला होता. ओला भुसा आणि माती यांचा तो वास मला ओळखीचा होता. मृगाच्या आधी आमच्या अंगणात तोच वास असायचा.

आमचं गाव बार्शी तालुक्यात. गावाला कूस होतं, वेस होती, मधोमध पाटलांची पांढऱ्या मातीची गढी होती. सागाच्या तुळया, त्यावर आडवी लाकडं, वर पालापाचोळा आणि त्यावर वीतभर पांढरी माती, असं आमचं माळवद. दरवर्षी पावसाआधी त्याच्यावर नवी पांढरी पसरायची, आणि ती आणायची गढीवरून. त्या गढीचं शत्रूला काही करता आलं नसेल, पण गावानं ती पाटीपाटीनं नेऊन आपापल्या डोक्यावर चढवली.

वरच्या बोळात एक म्हातारा पायानं चिखल तुडवत होता. गावातली बहुतेक कुटुंबं केव्हाच नदीपलीकडच्या नव्या वस्तीत राहायला गेली आहेत. मोजकी इथं उरलीत, त्यांतला हा असावा. घर बघायचे त्यानं दहा दिरहम सांगितले. मी दिले आणि आत शिरलो. छताकडे बोट दाखवून, पाची बोटं खाली झाडून 'टप टप टप' केलं. त्याला बर्बर भाषा, मला मराठी. पण म्हातारा असा खदखदून हसला की आतून त्याची बायको बाहेर आली. त्यानं तिलाही 'टप टप' करून दाखवलं. मग तिनं एका कोपऱ्यातलं पातेलं दाखवलं. आमच्या आईचंही ठरलेलं पातेलं होतं. नेरूळच्या आमच्या सदनिकेत तर या कामी बादली लागते. शेवटच्या मजल्यावर राहतो आम्ही. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा ठराव सोसायटीच्या सभेत सहा वर्षं नुसता वाचला जातो आहे.

मग म्हाताऱ्यानं मला भिंतीतली भेग दाखवली आणि दोन्ही तळहात गदागदा हलवले. मोरोक्कोत ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री भूकंप झाला, सुमारे तीन हजार माणसं गेली. मीही हात हलवले, मागे कुठे तरी लांब बोट दाखवलं. किल्लारी त्याला कशी समजावणार? ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे तिकडे दगडमातीच्या भिंती आणि ती जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. आमचं घर लांब होतं, नुसतं हललं. पण नंतर महिनाभर वडील अंगणात झोपले, आणि एका खोलीचं माळवद उतरवून पत्रे घातले. पुढे कोणी त्या घरात मनापासून झोपलंच नाही. आम्ही दोघं क्षणभर हात तसेच धरून उभे राहिलो.

"अहो, बस सुटेल! आणि बूट कुठंयत तुमचे?"

बूट बाहेर होते. मी त्यांच्या चिखलात होतो. पोटऱ्यांपर्यंत.

हिनं कपाळाला हात लावला, पण फोटो काढला. परतताना बसमध्ये तो बराच वेळ बघत होती. काही बोलली नाही.

नेरूळला आल्यावर तिसऱ्या दिवशी धाकट्या भावाचा फोन आला. घराचं गिऱ्हाईक आलं होतं. त्याला घर नको होतं, सागाच्या तुळया हव्या होत्या.

"दादा, तुझी सही पाहिजे. कोपऱ्यातली खोली तर बसलीच यंदा."

"पांढरी घातली नव्हतीस का?"

"आणू कुठून? गढीच संपली की! नुसता उंचवटा राहिलाय, त्यावर टॉवर बसवलाय मोबाइलचा."

मी 'बघू' म्हणून फोन ठेवला. ही मोरोक्कोहून आणलेलं ऐत बेनहद्दूचं चित्र फ्रिजवर चिकटवत होती. पाठमोरीच म्हणाली,

"सहीबिही फोनवर कबूल करू नका. उन्हाळ्यात आधी जाऊन येऊ."

"तू? त्या मातीच्या घरात?"

"दुधावरचं झाकण मी इथून घेऊन येईन."