मिरज ते मेडिक्लेम

आमच्या सांगली भागात दुखणं हाताबाहेर गेलं की घरातलं कुणीतरी म्हणायचं, "आता मिरजेला न्यायला पाहिजे." डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि मिरज हे दवाखान्यांचं गाव झालं. पार कर्नाटकातून, गोव्यातून पेशंट यायचे. म्हाताऱ्या माणसाला आधी गाडीत घालायचं, पैशाचं नंतर बघायचं, अशी तेव्हाची रीत. थोरले काका सोसायटीचं कर्ज उचलायचे, कुणी भिशी लवकर मागून घ्यायचं, आत्या बांगड्या काढून द्यायची. त्या मायेची आठवण आजही येते. पण आत्याच्या हातात त्या बांगड्या पुन्हा कधी दिसल्या नाहीत, हेही आठवतं.

१९८६ मध्ये मेडिक्लेम आलं. सरकारी मालकीच्या चारच विमा कंपन्या, आणि पॉलिसी सगळीकडे जवळपास सारखीच. ओळखीचा एजंट सोप्यावर बसून स्वतःच्या अक्षरात फॉर्म भरायचा. बाबांनी ठरवायचं ते फक्त किती रकमेचा विमा घ्यायचा एवढंच. दवाखान्याचे पैसे आधी आपणच भरायचे. मग डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांची चिठ्ठी, औषधांची एकेक पावती तारखेवार टाचणीने लावून बाबा फाइल तयार करायचे आणि चेकची वाट बघायचे. आधीपासून असलेला आजार मात्र त्या पॉलिसीत बसतच नसे. म्हणजे मधुमेह, रक्तदाब घेऊन साठी गाठलेल्या माणसाच्या हाती फारसं काही लागत नव्हतं.

निवृत्तीनंतर बाबांची पॉलिसी खंडित झाली. आता बाबा चौऱ्याहत्तरचे, आई सत्तरची. १ एप्रिल २०२४ पासून नव्या पॉलिसीसाठी पासष्टची अट उरली नाही, आणि आधीच्या आजारांसाठी थांबण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटीही गेला. ज्येष्ठांसाठी हे दिवस नक्कीच जास्त चांगले आहेत. अडचण आहे ती निवडीची. ताईने आणि मी फोनवर तुलना काढली तर चाळीसेक प्लॅन समोर आले, आणि प्रत्येकात पाच लाखांचा आकडा तेवढा ठळक.

खरी गोष्ट त्या आकड्याखालच्या बारीक अक्षरात असते. समजा पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याला दिवसाला पाच हजारांची मर्यादा आहे आणि आपण आठ हजारांची खोली घेतली. वरचे तीन हजार आपण भरू, असं वाटतं. तसं होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असे खोलीशी जोडलेले खर्चही पाचास आठ या प्रमाणात कापले जातात. असे खर्च १ लाख २० हजार असतील, तर कंपनी ७५ हजार देते. औषधं आणि तपासण्या या कपातीत धरत नाहीत, तरी ४५ हजार आपल्या अंगावर येतातच. म्हातारा माणूस अॅडमिट करताना सेमी-प्रायव्हेट शिल्लक आहे का, हे आपल्या हातात थोडंच असतं?

को-पेमुळे लोक बिचकतात. ज्येष्ठांच्या प्लॅनमध्ये मंजूर क्लेमच्या वीस टक्के स्वतः भरण्याची अट सर्रास असते. मला ती त्यातल्या त्यात परवडणारी वाटते. वीस टक्के म्हणजे किती, याचा अंदाज आधी बांधता येतो, तेवढी एफडी बाजूला ठेवता येते. खोलीभाड्याची कपात मात्र बिल हातात येईपर्यंत कळत नाही. म्हणून आम्ही हप्ता थोडा जास्त पडला तरी खोलीभाड्याची मर्यादा नसलेला, को-पे असलेला प्लॅन घेतला.

माझ्या फॅमिली फ्लोटरमध्ये आई-बाबांना घालायचं, हा विचार लगेच सोडला. त्यात हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या वयावर ठरतो, आणि एकाच्या मोठ्या आजारपणात सगळ्यांची रक्कम संपू शकते. नोकरीतल्या ग्रुप विम्यात ते आहेत, पण तो नोकरीबरोबर जाणार. ज्यांची पन्नाशी आत्ता आली आहे त्यांनी मात्र स्वतःची वेगळी पाच लाखांची पॉलिसी आणि त्यावर सुपर टॉप-अप घ्यावा, असं मला मनापासून वाटतं. साधा टॉप-अप एकाच आजारपणाचा खर्च ठरलेल्या रकमेवर गेला तरच चालू होतो. सुपर टॉप-अप वर्षभराची सगळी बिलं एकत्र धरतो. उतारवयात दवाखान्याच्या फेऱ्या एकदाच होत नाहीत.

तो सोप्यावर बसणारा एजंट आता नाही, म्हणून ते काम आम्ही भावंडांनी घेतलं. फॉर्ममध्ये बाबांचा मधुमेह, आईची थायरॉइडची गोळी, जुनं हर्नियाचं ऑपरेशन, काहीही न लपवता लिहिलं. पॉलिसी आल्यावर ती परत करायला तीस दिवस मिळतात. त्या दिवसांत बाबांनी पूर्ण पुस्तिका पेन्सिल घेऊन वाचली आणि मोतीबिंदूला दर डोळ्यामागे किती रक्कम मिळणार, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी मागवून घेतलं.