निवर्तल्या

मरण सर्वांना सारखे, असे आपण म्हणतो. पण मराठी क्रियापदांना ते मान्य नाही. जनावर मरते, तापाने फणफणलेले मूल दगावते, शेजारचे तात्या वारतात. बाजीप्रभू 1660 साली पावनखिंडीत 'मेले', असे आमच्या कोल्हापुरात कुणापाशी म्हणून तर पाहा! ते कामी आले, धारातीर्थी पडले. संत समाधिस्थ होतात. आणि या साऱ्या पंक्तीपासून जरा दूर, सोवळे नेसून पाटावर बसलेले एक क्रियापद असते : निवर्तणे.

हे बोलण्यातले क्रियापद नव्हे. 'काका निवर्तले' असे फोनवर कुणी सांगत नाही. 'गेले' म्हणतात आणि पुढे शब्द फुटत नाही. निवर्तणे राहते चरित्रात आणि मृत्युलेखात. राजर्षी शाहू छत्रपती 6 मे 1922 रोजी मुंबईत निवर्तले, हे वाक्य कसे भारदस्त वाटते! ते वावरते बहुधा भूतकाळात, आणि तेही दुसऱ्याविषयी. 'मी उद्या निवर्तेन' असे कुणी म्हणाले, तर घरची माणसे आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहतील. ही तऱ्हा आपलीच नव्हे. स्पॅनिश भाषेतही मरणाला रोजचे 'मोरीर' वेगळे आणि छापील वार्तेतले 'फायेसेर' वेगळे.

पण या भरजरी शब्दाचा मूळ अर्थ अगदी साधा आहे. संस्कृतात 'निवृत्' म्हणजे मागे फिरणे, परतणे. नोकरीतून निवृत्त होणारा आणि निवर्तणारा, दोघांचा धातू एकच. (पेन्शनर वाचकांनी मनाला लावून घेऊ नये!) गंमत अशी, की गीतेच्या पंधराव्या अध्यायात परमधामाची खूण सांगताना हेच क्रियापद नकार घेऊन येते : तिथे गेलेला परतत नाही. मराठी मात्र गेलेल्यालाच 'परतला' म्हणते. मग घर कोणते आणि परगाव कोणते?

गेल्या पावसाळ्यात, आमच्याकडे तीस वर्षे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी गेल्या. रक्षाविसर्जनाची वेळ चौकातल्या फळ्यावर लिहायची, म्हणून त्यांचा मुलगा मजकूर मागायला आला. मी नावापुढे 'निवर्तल्या' लिहिले. जवळ बसलेले एक गृहस्थ हलकेच म्हणाले, "अहो, एवढा जड शब्द कशाला? 'मयत झाल्या' लिहा की."

जड? ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांच्या घरचे भरलेले हंडे उचलले, तिला हा एक शब्द पेलणार नव्हता? आणि 'मयत' तर सरकारी दप्तरातले. मी शब्द बदलला नाही.

मुलाने कागद वाचला. "निवर्तल्या म्हंजे काय वो?"

"माघारी फिरल्या."

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "बराबर हाय की. बाच्या माघारी आमाला तिनंच वाढिवलं. आता तीबी माघारी गेली."

मी कोशातून जे खणून काढले होते, ते त्याच्या घरात रोजच्या वापरात होते.

संध्याकाळी चौकातून जाताना फळा पाहिला. खडूने ठळक लिहिले होते : निवर्तल्या. अक्षर त्याचेच. 'र्त' तेवढा दोनदा गिरवलेला होता.