बसनं मॉरिशस : भाग दुसरा

सोमवार, २५ ऑगस्ट २०२५. माहेबूर

येवल्यात मॉरिशसचं नाव काढलं, की पहिला प्रश्न असतो, "कुठल्या टूरबरोबर?" आणि दुसरा, जरा हळू आवाजात, "या वयात हनिमून का?" दोन्हींचं उत्तर एकच: बसनं फिरणार आहोत. आमचे हे एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. अख्खं बेट लांबीला पासष्ट किलोमीटर. येवल्याहून नाशिक याहून लांब पडतं. एवढ्याशा जागेत गाडी-ड्रायव्हर घेऊन फिरायचं म्हणजे ह्यांच्या दृष्टीनं खात्याचा अपमान.

इथला मोठा बाजार सोमवारी भरतो आणि बसस्टँड अगदी त्याच्या शेजारी. भाजी, कापड, प्लॅस्टिक, अननस. खाण्याच्या गाड्यांपुढे रांगा. धोल पुरी नावाचा पदार्थ सगळ्यात खपाऊ: पिवळी डाळ शिजवून वाटायची, मैद्याच्या पारीत भरून कागदासारखी पातळ लाटायची. गूळ नाही. आत शेंगदाण्याएवढे टपोरे पांढरे घेवडे, टोमॅटोची चटणी आणि मिरची घालून गुंडाळून देतात. एक कुणी मागत नाही, जोडीच मागायची. डाळ भरडून तळलेले मिरचीचे वडे ही लोकं सकाळी लोणी लावलेल्या पावात घालून खातात. पावात वडा घालायचं कुणी कुणाला शिकवलं, यावर ह्यांनी स्टँडवरच्या कंडक्टरशी बराच वेळ हातवाऱ्यांनी चर्चा केली.

गाड्या डाव्या बाजूनं चालतात, सरकारी कागद इंग्रजीत, आणि तोंडात फ्रेंचमधून आलेली क्रिओल. हा घोळ समोरच्या समुद्रातच झाला. १८१०मध्ये, ऑगस्टच्या याच आठवड्यात, फ्रेंच आरमारानं इथे इंग्रजांना हरवलं. डिसेंबरात इंग्रजांनी बेट घेतलं ते घेतलंच. पण शरणागतीच्या तहात इथल्या फ्रेंचांचे रीतिरिवाज, कायदे आणि धर्म शाबूत ठेवायचं कबूल केलं, त्यामुळे भाषाही टिकली.

मंगळवार, २६ ऑगस्ट. पोर्ट लुई

कंडक्टर जागेवर येऊन तिकीट देतो आणि ते उतरेपर्यंत जपून ठेवायचं. इथपर्यंत आपल्यासारखंच. पण साठी उलटलेल्या नागरिकांना इथे २००५पासून प्रवास मोफत आहे. आपल्याकडे पंचाहत्तरी ओलांडली की मोफत, त्याआधी पासष्टपासून अर्धं, आणि आम्हा बायकांना मार्च २०२३पासून अर्धं. आम्ही पाहुणे, म्हणून पूर्ण पैसे मोजले. "मला पूर्ण तिकीट काढायची सवयच राहिली नाही," मी म्हटलं. "मग उतर खाली," हे म्हणाले, एकदम ड्यूटीवरच्या आवाजात.

माहेबूरला ऊन होतं. गाडी वर पठाराकडे चढली, तसा क्यूरपीपला पाऊस, धुकं, स्वेटर घातलेली माणसं. तिथून मेट्रोनं खाली पोर्ट लुईला उतरलो, तर पुन्हा कडक ऊन. आग्नेयेकडून येणारे वारे पठारावर वर्षाला चार हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पाडतात आणि पश्चिमेच्या किनाऱ्याला हजाराच्या आत भागवतात. नाशिक जिल्ह्याच्या माणसाला हे समजवावं लागत नाही. इगतपुरीत छत्री उलटत असते, तेव्हा येवल्यात आम्ही टँकरची चौकशी करत असतो.

आप्रवासी घाट बंदराला लागूनच आहे. काळ्या दगडाच्या काही खोल्या, एक दवाखाना, आणि धक्क्यावरून वर येणाऱ्या सोळा पायऱ्या. २ नोव्हेंबर १८३४ला 'अॅटलस' जहाजातून छत्तीस मजूर आले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सुमारे साडेचार लाख माणसं हिंदुस्थानातून या बेटावर आली. गुलामी कायद्यानं बंद झाली होती, ऊस मात्र कापायचाच होता. बहुतेक जण कलकत्त्याहून यायचे, काही मद्रासहून, थोडे मुंबईहून. मुंबईच्या जहाजांत रत्नागिरीकडची आपली माणसं होती.

ह्यांचा पाय अडला तो तिकिटांपाशी. १८६७च्या कायद्यानं करार संपलेल्या मजुरालाही फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगावं लागे. तिकिटाशिवाय रस्त्यावर सापडला, तर भटक्या म्हणून अटक. दुसरी गोष्ट 'डबल कट': एक दिवस कामावर आला नाही, तर दोन दिवसांचा पगार कापायचा. हे वाचून ह्यांचा आवाज चढला. "बिनपगारी एक दिवस म्हणजे एक दिवस. दोन कसे? कुठल्या नियमात?" शेजारच्या फ्रेंच जोडप्यानं दचकून वळून पाहिलं. मी ह्यांना गप्प केलं नाही. डेपोत युनियनच्या बैठकीला हे याच आवाजात बोलायचे.

त्या काळची नोंदणीबुकं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये ठेवली आहेत. पणजोबा कोणत्या जहाजानं आले, कोणत्या गावचे, हे शोधायला लोक तिथे जातात.

बुधवार, २७ ऑगस्ट. वाक्वा

आज चतुर्थी. घरचा गणपती यंदा धाकट्या जावेकडे सोपवून आले आहे, त्यामुळे सकाळपासून जीव थाऱ्यावर नव्हता. म्हणून पैठणी नेसले. आमच्या घरात दोन माग आहेत. ही सासूबाईंच्या हातची, नारळी काठाची. बसमध्ये मागच्या सीटवरच्या बाईनं पदराला हात लावून पाहिला, उलटा करून पाहिला. पैठणी उलटी करून पाहणारी बाई भेटली की मी ओळखते, ही जाणकार. पदर दोन्ही अंगांनी सारखा दिसतो, हेच तर तपासायचं असतं. तिनं हिंदीत विचारलं, "आप महाराष्ट्र से?" आणि पुढच्या स्टॉपला आम्ही तिच्याबरोबर तिच्या घरी उतरलो.

आरती सगळ्या घराला पाठ. उच्चार स्वच्छ, टाळ्यांची लय आपलीच. मंत्रपुष्पांजलीला वळण कोकणातलं. आरती संपल्याक्षणी सगळी क्रिओलमध्ये बोलू लागली आणि आम्ही दोघं बहिरे झालो. मधली मुलगी शाळेत मराठी विषय घेते. सरकारी प्राथमिक शाळांत हिंदी, तमिळ, तेलुगूसारखाच मराठीचाही तास असतो. तिनं मला वहीत "माझे घर" हा निबंध दाखवला. शुद्धलेखन माझ्या नातवापेक्षा बरं. बोलायला सांगितलं, तर लाजून आत पळाली.

एक गोष्ट मला इथे मान्य करावीशी वाटत नाही. आपल्याकडून येणारी पाहुणेमंडळी भाषणात म्हणतात, बघा, एवढ्या दूर यांनी मराठी जपली! घरात बोलायला बहुतेक सगळ्यांची क्रिओलच आहे, आणि त्यात लाजायचं काही नाही. उसाच्या मळ्यात भोजपुरी, तमिळ, तेलुगू आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची नातवंडं एकत्र राबली, त्यांना एकमेकांशी बोलायला तीच भाषा होती. यांनी ठेवलं ते देवघर, सणवार आणि शाळेतला एक तास. तेवढं टिकवायलाही पिढ्यान्‌पिढ्या पदरमोड करावी लागली आहे. वर आणि आमच्याशी अस्खलित बोलून दाखवा म्हणणं, हा पाहुण्यांचा आगाऊपणा.

आणखी एक. मनात होतं, आपली माणसं भेटणार. भेटली ती कोकणी. खोबऱ्याचा हात सढळ, मोदक उकडीचे. आम्ही पडलो देशावरचे, तळणीच्या मोदकांचे. यजमानीणबाईंना येवला कुठे ते ठाऊक नव्हतं. पैठणी मात्र ठाऊक होती.

गुरुवार, २८ ऑगस्ट. पश्चिम किनारा

आज देशाला सुट्टी. इथे गणपती बहुतेक दीड दिवसाचा, त्यामुळे सुट्टी विसर्जनाच्या दिवशी. हेन्रिएटा गावात हा उत्सव १८९६पासून चालतो, असं सांगतात. म्हणजे टिळकांनी पुण्यात गणपती चौकात आणल्यानंतर जेमतेम तीन वर्षांनी. तिकडची बातमी इकडे पोचली होती की कोकणातला घरचा गणपतीच इथे मोठा झाला, हे कुणी छातीठोक सांगेना. मला दुसरं पटतं.

मिरवणुकीत डीजे नव्हता. ढोलकी, झांजा, आणि झाकरी: गोल धरून, पायाचा ठेका देत गात नाचायचं. रत्नागिरीच्या जाखडीची ही सख्खी बहीण. वय झालेले पुरुष मधे, पोरं कडेला, ठेका चुकला की म्हातारे डोळे वटारतात. शेजारच्या वस्तीतले क्रिओल ख्रिस्ती लोक दारात खुर्च्या टाकून बसले होते, पोलीस बूट काढून पाण्याच्या कडेला उभे. मी पैठणी आज बॅगेतच ठेवली. खाऱ्या पाण्याचा आणि जरीचा उभा दावा.

संध्याकाळी परतीची पंचाईत. खेड्यातल्या शेवटच्या गाड्या इथे सहा-साडेसहालाच सुटतात, त्यातून सुट्टीचं वेळापत्रक. हे पाचपासूनच घड्याळ दाखवत होते. प्रसाद घेतल्याशिवाय निघायला मी तयार नव्हते. गाडी मिळाली, उभ्यानं.

शुक्रवार, २९ ऑगस्ट. शामारेल

इकडच्या फेऱ्या विरळ. एक चुकली तर अर्धा दिवस गेला. वाटेत दोन्हीकडे ऊस. तोडणी जूनपासून डिसेंबरपर्यंत चालते. शेताच्या मध्येच काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग रचलेले दिसतात. बेट ज्वालामुखीचं. नांगर चालावा म्हणून ते दगड हातांनी वेचून काढले. कुणाच्या हातांनी, ते मंगळवारी पाहिलं होतं. ह्यांनी खिडकीतून ढीग मोजायला सुरुवात केली आणि थोड्या वेळानं नाद सोडला.

शामारेलची सात रंगांची माती म्हणजे उघड्या मातीच्या लाटा, कुंपणाबाहेरून पाहायच्या. ज्वालामुखीचा खडक कुजून माती झाली. लोहामुळे तांबडा-तपकिरी रंग आला, अॅल्युमिनियमच्या संयुगांमुळे जांभळट-निळसर. सात रंग काही मला मोजता आले नाहीत. पण ढग सरकला, की तांबड्यावर जांभळं चढायचं आणि ऊन आलं की उतरायचं. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्याचा घातला, की धूपछाँव पैठणी अशीच वागते. घरी माग मोकळा झाला की हा जोड घालून बघायचा आहे. धाकटा दीर म्हणेल, असल्या रंगाला गिऱ्हाईक नाही.

तिकीटघरावर एक मराठी टूर भेटली, पुण्याची. त्यांना इथे वीस मिनिटं होती. त्यांच्यातल्या एका काकूंनी विचारलं, "तुमचा गाईड कुठंय?" मी ह्यांच्याकडे बोट केलं. हे तेव्हा परतीच्या फेरीची वेळ लिहून घेत होते.

(पुढील भागात : पांपलमूसची बाग आणि उत्तरेकडचं बेट)