दिवस गेलेली सून आणि अनुराधपूरची वाट

पूर्वी आपल्या माणसांचा मोठा प्रवास म्हणजे ऑक्टोबरात नागपूर आणि डिसेंबरात दादर. ज्यांना रजा आणि पैसा दोन्ही जमले ते बोधगया, सारनाथ पाहून येत. आता मुले नोकरीला लागली, भिशीत चार पैसे साठू लागले आणि विहाराच्या फलकावर श्रीलंका, थायलंडच्या धम्मसहलींचे कागद दिसू लागले. ही आनंदाचीच गोष्ट आहे. बाबासाहेब मे १९५० मध्ये सिलोनला बौद्ध परिषदेसाठी गेले, ते तिथला धम्म लोकांच्या जगण्यात किती जिवंत आहे हे पाहायला. आपली साधी कामगार माणसे त्याच वाटेने जाऊ लागली, याचे कोणाला कौतुक वाटणार नाही?

परंतु सहलीला आता नुसते पेन्शनर जात नाहीत, नवी जोडपीही जातात. नावनोंदणी सहा-सहा महिने आधी होते. मग निघायच्या तोंडावर एखाद्या सुनेला दिवस गेल्याचे कळते आणि घरात दोन तट पडतात. आमच्या वस्तीत मार्च २०२४ मध्ये नेमके हेच घडले. चौतीस जणांची यादी, आठ दिवसांची श्रीलंका, आणि निघायला बारा दिवस असताना शेजारच्या सुनेला सातवा आठवडा. ती पॅकिंगच्या कामाला जाते, नवरा वायरमन. दोघांनी दीड वर्ष भिशी भरून पैसे उभे केलेले.

सासूचे म्हणणे, घरी बसव. टूरवाला पैसे परत द्यायला तयार नाही, वर म्हणतो, "ताई, अडीच तासांचे विमान, काही होत नाही." एका मावशींनी तर महामायेचा दाखला दिला, की तीही प्रवासातच प्रसूत झाली. आम्ही म्हटले, मावशी, महामाया भरल्या दिवसांची होती, माहेरी निघाली होती. ही दुसऱ्या महिन्यातली आहे आणि समुद्रापार चालली आहे. दोन्हींचा हिशेब वेगळा.

मंडळाच्या बायका दवाखान्यात जाताना आम्हांला सोबत नेतात, कारण कागद वाचायला कोणीतरी हवे असते. इथेही आम्हीच गेलो. डॉक्टरीणबाईंनी आधी सोनोग्राफी करायला लावली. गर्भ पिशवीतच आहे ना, नळीत तर नाही ना, हे आधी पाहायचे. नळीत राहिलेला गर्भ फुटला तर पोटात रक्तस्राव होतो आणि तासाभरात जिवावर बेतते. मुंबईत असताना रिक्षाने इस्पितळ गाठता येते. परमुलखात जंगलातल्या रस्त्यावर बस असेल तर काय करणार? म्हणून पोटात एका बाजूला सतत कळ, खांद्यात दुखणे, भोवळ यांपैकी काही झाले तर थांबायचे नाही, हे त्यांनी नवऱ्याला दोनदा बजावले. रक्तगट चिठ्ठीवर लिहून दिला. निगेटिव्ह रक्तगटाच्या बाईला रक्तस्राव झाला तर वेगळे इंजेक्शन लागू शकते, म्हणून ती चिठ्ठी पर्समध्येच ठेवायची. फॉलिक ॲसिडची गोळी रोज, एकही दिवस न चुकवता.

त्या हेही म्हणाल्या, की निवड हातात असती तर चौथ्या ते सहाव्या महिन्यात जा म्हटले असते. तेव्हा मळमळ ओसरते, गर्भपाताची भीती कमी होते आणि पोट अजून जड नसते. विमानवाले साधारण अठ्ठावीस आठवड्यांनंतर दाखला मागतात आणि छत्तीसच्या पुढे बहुधा चढू देत नाहीत. सुरुवातीच्या महिन्यांत ते काही विचारत नाहीत. ते विचारत नाहीत म्हणून आपणही विचार करू नये, असे मात्र नाही.

मग प्रश्न आला देशाचा. उष्ण कटिबंधातले सगळे देश सारखे नसतात, हे आम्हांलाही तेव्हाच नीट समजले. गर्भार बाईला मलेरिया झाला तर तो इतरांपेक्षा भारी पडतो. गर्भ पडू शकतो, मूल कमी वजनाचे होते. म्हणून जिथे मलेरिया आहे तिथे गर्भारपणी जाऊच नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आपल्यातली काही मुले आफ्रिकेत कामाला जातात आणि लग्नानंतर बायकोला बोलावून घेतात. तिथल्या अनेक देशांसाठी पिवळ्या तापाची लस घ्यावी लागते. ती जिवंत लस असल्याने गर्भारपणी शक्यतो देत नाहीत. अशा घरांनी हा विचार तिकीट काढण्याआधी करावा.

श्रीलंकेची गोष्ट वेगळी. तिथे एकेकाळी मलेरियाने माणसे हजारोंनी मरत. घरोघर फवारणी, गावोगाव रक्ततपासणी, हे काम त्या लहानशा देशाने युद्धाच्या काळातही सोडले नाही. देशातल्या देशात लागण झालेला शेवटचा रोगी ऑक्टोबर २०१२ चा. सप्टेंबर २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका मलेरियामुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले. पण डेंग्यू आहे, आणि भरपूर आहे. २०१७ साली १ लाख ८६ हजारांवर लोकांना झाला होता. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. त्यामुळे रात्रीच्या मच्छरदाणीवर भागत नाही. पूर्ण बाह्या, पायांत मोजे आणि डास पळवणारे मलम सकाळपासून लावायचे. ताप आलाच तर फक्त पॅरासिटामॉल. दुकानातून अंगदुखीची दुसरी गोळी आणायची नाही. डेंग्यूत तिने रक्तस्राव वाढतो आणि गर्भारपणीही ती चालत नाही.

एवढे सगळे ऐकून मुलीने स्वतःच ठरवले, जायचे. सासू मग म्हणाली, "मग मीही येते." एक जागा रिकामी होती, ती घेतली.

एक गोष्ट सासूने घातलेली अट म्हणून सांगतो. तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगायचे नाही. ही चाल आपल्याकडे घरोघर आहे. आम्ही तिला विरोध केला. बसमध्ये चौतीस जणांना सांगू नका, पण सहलीच्या प्रमुखाला आणि निदान दोन बायकांना माहीत पाहिजे. ज्या माणसाला बस थांबवायची आहे त्यालाच कारण माहीत नसेल तर तो थांबवणार कशी?

विमानतळावर तपासणीच्या चौकटीतून जाताना ती घाबरली. त्या चौकटीत क्ष-किरण नसतात, फक्त धातू कळतो. सामानाच्या यंत्रात क्ष-किरण असतात, तिथे आपण शिरत नाही. तेवढे सांगितल्यावर ती सरळ गेली.

कोलंबोचा विमानतळ कटुनायके येथे आहे. तिथून अनुराधपूर बसने चार-पाच तास. दोन्ही बाजूंना नारळ, मग भातशेती, मग कोरडे रान आणि जागोजाग जुने तलाव. या प्रवासात आम्हांला जे दिसले ते बायकांना सांगितलेच पाहिजे. संडासाची सोय कुठे असेल याची खात्री नाही, म्हणून आपल्या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. सहलीत हे दरवेळी पाहतो. उष्ण देशात, घाम वाहत असताना, गर्भार बाईने पाणी न पिणे म्हणजे लघवीचा दाह आणि भोवळ ओढवून घेणे. लघवी कोंडून धरली की जंतूंना फावते. आम्ही ड्रायव्हरला सांगून दर दीड तासाला बस थांबवली. पुरुषमंडळी कुरकुरली. कुरकुरू द्या. पाणी सीलबंद बाटलीचे किंवा उकळलेले. दूषित पाण्यातून होणारी एक कावीळ गर्भार बाईला फार घातक असते. वाटेत पिवळे राजनारळ मिळतात, त्यांना तिकडे थंबिली म्हणतात. समोर फोडून घ्यावा आणि प्यावा. उलट्या-जुलाब झाले तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, ही आपली जुनीच तजवीज.

हॉटेलात सकाळी दुधातला भात, इडिअप्पा, डाळ आणि प्रत्येक ताटात पपईची फोड. पपई पाहिल्याबरोबर अख्खे टेबल ओरडले! डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितले होते, की कच्च्या पपईचा चीक वाईट, पिकलेल्या पपईने काही होत नाही. पोरीने फोड खाल्ली, सासू दुसरीकडे बघत बसली.

अनुराधपूरचा जय श्री महाबोधी म्हणजे सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने बोधगयेच्या बोधिवृक्षाची जी फांदी आणली, तिचा वृक्ष. बावीसशे वर्षांहून अधिक काळ लोक त्याला जपत आले आहेत. सोन्याच्या रंगाच्या कठड्याआड, टेकूंवर पेललेल्या त्या फांद्या पाहून आमच्यातल्या भांडखोर माणसांचाही आवाज उतरला. पांढऱ्या साड्यांतल्या सिंहली बाया कमळे घेऊन बसल्या होत्या. त्यांतल्या दोघी-तिघी चांगल्या सात-आठ महिन्यांच्या. त्यांनी आमच्या पोरीला खुणेने सावलीत जागा करून दिली. तिला कसे कळले असेल कोण जाणे.

तिथून रुवनवेलीसायाचा भव्य पांढरा स्तूप. आवारात चपला चालत नाहीत, दुपारी बाराला फरशी तव्यासारखी तापलेली असते. लोक उड्या मारीत चालतात. जाणाऱ्यांनी सकाळी नऊच्या आत किंवा सायंकाळी जावे, जाड मोजे न्यावेत. सुरुवातीच्या आठवड्यांत अंगाचे तापमान फार चढणे बाळाच्या मेंदू-मणक्याच्या घडणीला चांगले नाही, म्हणून भर उन्हात तासन् तास राहणे टाळावे. आम्ही तिला सायंकाळी नेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला कपड्यावर रक्ताचा डाग दिसला.

वाटाड्याने १९९० हा नंबर फिरवला. 'सुव सेरिया' ही तिकडची मोफत रुग्णवाहिका, २०१६ साली भारताच्या मदतीने सुरू झालेली. इंग्रजीतही बोलतात. गाडी आली, सोबत शिकलेला परिचर. सरकारी इस्पितळात तपासणी झाली, सोनोग्राफीत ठोका दिसला. डाग लागणे सुरुवातीला पुष्कळ बायकांना होते आणि त्यांतल्या बहुतेकींचे गर्भ टिकतात, असे डॉक्टरांनी सांगितले. दोन दिवस धावपळ नको, रक्त वाढले किंवा कळा आल्या तर लगेच या.

हॉटेलात परतलो तर कुजबूज सुरू. "म्हटले होते ना." "एवढी हौस कशाला?" याचसाठी हा लेख लिहिला आहे. ज्ञात गर्भारपणांपैकी शंभरात दहा ते वीस आपोआप पडतात. त्यांतले बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत. सुमारे निम्म्यांचे कारण गर्भाच्या रचनेतच, बीज जुळतानाच राहिलेली खोट असते. ती बसने येत नाही, विमानाने येत नाही. त्याच मार्चमध्ये आमच्या चाळीतल्या दुसऱ्या एका सुनेचा गर्भ पडला. ती कुठेही गेली नव्हती. तिच्या घरच्यांनी ठरवले, की तिने पाण्याची बादली उचलली म्हणून झाले. आज दीड वर्षानेही तिला ते ऐकवतात. प्रवासाला जाऊ नये ते मलेरियासाठी, डॉक्टर जवळ नसण्यासाठी. उद्या काही झाले तर सुनेला आरोपी करण्यासाठी नव्हे. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हा भार एकट्या बाईचा न मानता सर्वांचा मानला. आपण घरात निदान शब्दांचा भार तरी तिच्यावर टाकू नये.

मिहिंतलेच्या १८४० पायऱ्या तिने चढल्या नाहीत. पायथ्याशी सासूसोबत झाडाखाली बसली. कॅंडीचा वळणावळणाचा रस्ता तिला पुढच्या सीटवर बसवून, पोटात दोन बिस्किटे घालून पार केला. ओकारी झालीच, पण दोनदाच. ऑक्टोबरच्या अखेरीस तिला मुलगी झाली.

पैशाबद्दल एक. बहुतेक प्रवासी विम्यांत गर्भारपणाचा खर्च धरत नाहीत. ते कलम बारीक अक्षरांत असते, सही करण्याआधी वाचून घ्यावे. आणि टूरवाल्याकडून पैसे परत मिळण्याची अट नोंदणीच्या दिवशीच लेखी घ्यावी. नंतर "ताई, बघू" एवढेच मिळते.

आम्ही मंडळाच्या नोंदणीच्या कागदात आता एक रकाना वाढवला आहे. भरायची सक्ती नाही, वाचणारी माणसे फक्त दोन. पुढच्या थायलंड सहलीसाठी त्यात एक नाव आले. त्या आयुष्यमतीला अजून दिवस गेलेले नाहीत, दोघांचा विचार चालू आहे. थायलंडात झिकाचे रोगी अधूनमधून आढळतात. तो ताप आईला किरकोळ वाटतो, पण बाळाचे डोके आणि मेंदू खुंटवू शकतो. २०१५-१६ मध्ये ब्राझीलमध्ये हे जगाने पाहिले. आपल्या पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला तो २०२१ मध्ये आणि पुण्यात २०२४ मध्ये गर्भार बायकांतही आढळला. शरीरसंबंधातूनही तो पसरतो, म्हणून झिका असलेल्या भागातून परतल्यावर बाईने दोन महिने आणि पुरुषाने तीन महिने मूल होऊ देऊ नये, असा सल्ला आहे. हे आम्ही त्या दोघांना समोर बसवून सांगितले. नवरा म्हणाला, "मग आधी सहल, मूल नंतर." ती म्हणाली, "नाही, आधी मूल." नोंदणीची शेवटची तारीख अजून तीन आठवडे दूर आहे.